गाठ कोणाची, माप कोणाचे?

(गवत व भातशेतीच्या पट्ट्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेवर जमीन, मजुरी, कर्ज हे विषय आपल्या परिचयाचे आहेत. त्यांच्या पंक्तीला ‘गवताच्या गोल गाठी बांधणारे यंत्र’ हा विषय बसलेला पाहून काही जणांना हसू आले असेल. परंतु पालघर व ठाणे जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी संयोजकांकडे पाठवलेला प्रश्न अगदी नेमका होता. गावातला गट बेलर घेऊ म्हणतो आहे. कोणता घ्यावा, आणि मुळात घ्यावा काय? अर्थशास्त्राच्या शिक्षकाला इतका नेमका प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्यामुळे उत्तरही शक्य तितके नेमके देण्याचा माझा प्रयत्न राहील. मधूनच माझे बोलणे कारखान्याच्या माहितीपत्रकासारखे वाटले तर सहन करावे. यंत्र कसे चालते हे ज्याला ठाऊक नाही त्याने यंत्राच्या राजकारणावर बोलू नये, असे माझे जुने मत आहे.

या भागात गवत ही क्षुल्लक वस्तू कधीच नव्हती. वरकस जमिनीवरचे आणि डोंगरउतारावरचे गवत पावसाळा सरल्यावर कापायचे, वाळवायचे आणि मुंबईच्या तबेल्यांकडे धाडायचे, या व्यापारावर जमीनदार आणि व्यापारी गबर झाले. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांतील वारल्यांनी जो लढा दिला, त्यातील एक प्रमुख मागणी गवतकापणीच्या दराची होती : पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात तलवाडा येथे गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड व त्यांचे सहकारी मारले गेले. परुळेकरांचा पक्ष वेगळा आणि आपला वेगळा, पण ती मागणी आपणही नीट वाचली पाहिजे. भाऱ्याला अमुक आणे, असे त्या निरक्षर माणसांनी मागितले नाही. त्यांनी वजनाला दर मागितला. भारा किती मोठा हे ठरवणारा माणूस आपला नव्हे, हे त्यांना अनुभवाने कळले होते. आज मी जे सांगणार आहे त्यातला महत्त्वाचा भाग याच मुद्द्याशी येऊन थांबतो. मात्र तेथे पोहोचण्यासाठी आधी यंत्राच्या पोटात शिरावे लागेल.

हे यंत्र अमेरिकेतील मजूरटंचाईचे अपत्य आहे. नेब्रास्का राज्यातील अमो ल्यूबेन यांनी गवत गुंडाळून गोल गाठ करण्याच्या यंत्राचे पेटंट १९१० साली घेतले. त्या कल्पनेवर आधारलेला बेलर ॲलिस-चाल्मर्स कंपनीने १९४७ साली बाजारात आणला. त्याच्या गाठी लहान होत्या, एका माणसाला उचलता येतील अशा. पुढे १९७१ साली आयोवा राज्यातील पेला या गावी गॅरी व्हर्मियर यांनी माणसाला हलवताही येणार नाही एवढी मोठी गाठ बांधणारे यंत्र तयार केले. गवत घरी आणण्याचे कष्ट आवरत नाहीत म्हणून त्यांच्या परिचयाचा एक शेतकरी गुरांचा धंदाच सोडायला निघाला होता. त्यातून ही कल्पना सुचली असे सांगतात. एकट्या माणसाने, ट्रॅक्टरच्या बैठकीवर बसून, सारे गवत घरी आणावे हा त्यामागचा हेतू होता, आणि शेकडो एकरांच्या त्या शेतांवर तो सफलही झाला. म्हणजे हे यंत्र माणसे कमी करण्यासाठीच जन्मले आहे. ज्या तालुक्यांत दिवाळीनंतर माणसे काम शोधत वीटभट्टीवर जातात तेथे ते आणताना, हा जन्माचा दाखला खिशात ठेवावा. तो यंत्र नाकारण्यासाठी नको; कोणाचे काम जाणार याची यादी आधी करण्यासाठी हवा.

आता रचना. पुढच्या बाजूला दातेरी फिरकी असते. ती जमिनीवर ओळीने पडलेले गवत उचलून आतल्या कोठीत ढकलते. कोठीत गवत गोल फिरत राहते, त्यावर थरावर थर चढतात, आणि गाठ भरली की तिच्यावर सुतळी किंवा जाळी गुंडाळली जाते. मग मागचे दार उघडते आणि गाठ बाहेर पडते. चौकोनी गाठीचे यंत्र चालता चालता गाठ बांधते. गोल गाठीच्या यंत्राला प्रत्येक गाठ बांधताना थांबावे लागते. निवडीचा पहिला प्रश्न या कोठीचाच आहे. काही यंत्रांची कोठी ठरावीक मापाची, रुळांनी वेढलेली असते. तिच्यात गाठीचा गाभा सैल राहतो आणि बाहेरचे थर घट्ट बसतात. दुसऱ्या प्रकारात लांब पट्टे असतात. गवत जसे येईल तशी कोठी मोठी होत जाते, त्यामुळे गाठ गाभ्यापासून घट्ट होते आणि हवा तेवढा व्यास ठेवता येतो. दुसरा प्रकार अधिक प्रगत म्हणून विक्रेता तो पुढे करील. परंतु आपल्याकडे, जेथे सकाळचे दव उशिरापर्यंत रेंगाळते आणि गवत कधीच एकसारखे वाळत नाही, तेथे सैल गाभ्याचा एक फायदा आहे : आतली ओल बाहेर पडायला वाट मिळते. शिवाय रुळांचे यंत्र साधे. तालुक्याच्या ठिकाणचा वेल्डर ते दुरुस्त करू शकतो. मी गटाला ठरावीक कोठीचे यंत्रच सुचवीन.

दुसरा प्रश्न गाठीच्या आकाराचा. परदेशातील मोठी गाठ चार ते सहा फूट व्यासाची आणि तीनशे ते सातशे किलो वजनाची असते. ती बांधायला मोठा ट्रॅक्टर, उचलायला पुढे सुळा बसवलेला आणखी एक ट्रॅक्टर आणि न्यायला रुंद रस्ता लागतो. म्हणजे एक यंत्र घेतले की दुसरे आपोआप घ्यावे लागते, आणि त्यापाठोपाठ कर्जही. लहान गोल बेलरची गाठ सुमारे दोन फूट व्यासाची, तीन फुटांच्या आसपास लांबीची आणि साधारण पंधरा ते पंचवीस किलोंची असते. ती एक माणूस डोक्यावर घेऊ शकतो, बैलगाडीत रचू शकतो, गोठ्यात सोडू शकतो. गावात जे ट्रॅक्टर आज आहेत त्यांवर हे यंत्र चालते. आपल्या बांधांच्या, खाचरांच्या मुलखात मोठ्या गाठीचा विचारही करू नये.

किमतीचा हिशेब मी फळ्यावर मांडला आहे, तो येथे थोडक्यात सांगतो. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. तुमच्या दरपत्रकातील आकडे त्यांच्या जागी घालावेत. समजा, यंत्र चार लाखांचे आहे, आठ वर्षे चालते आणि शेवटी चाळीस हजारांना विकले जाते. वर्षाचा घसारा पंचेचाळीस हजार. सरासरी गुंतलेल्या दोन लाख वीस हजारांवर दहा टक्क्यांनी व्याज बावीस हजार. छप्पर आणि विमा आठ हजार. असा वर्षाला पंचाहत्तर हजारांचा खर्च यंत्र उभे राहिले तरी होतो. डिझेल, सुतळी, मजुरी, दुरुस्ती हे सारे त्यानंतर. आता एकरी हजार किलो वाळले गवत, म्हणजे वीस किलोंच्या पन्नास गाठी धरू. दहा एकरांच्या मालकाच्या पाचशे गाठी होतात, आणि प्रत्येक गाठीवर नुसत्या मालकीचे दीडशे रुपये चढतात. वेडेपणाच आहे. हेच यंत्र हंगामात तीस दिवस, दिवसाला सहा तास आणि ताशी चाळीस गाठी या गतीने चालले तर सात हजार दोनशे गाठी होतात आणि हा बोजा गाठीमागे सुमारे साडेदहा रुपयांवर येतो. त्यासाठी जवळजवळ दीडशे एकरांचे गवत लागते. एवढे गवत आपल्या तालुक्यात एकाच्या मालकीचे फारसे कोठे नाही. तेव्हा हे यंत्र घेणारा एकतर गट असेल, किंवा इतरांचे गवत बांधून देणारा ठेकेदार. तिसरा पर्याय गणितात बसत नाही. जो शेतकरी प्रतिष्ठेसाठी एकट्याने यंत्र घेईल तो तीन वर्षांत एकतर ठेकेदार होईल, नाहीतर कर्जबाजारी.

आता मघाशी सोडलेल्या मुद्द्याकडे येतो. बेलरवर गाठीची घट्टता कमीजास्त करण्याची सोय असते. दोन फुटांच्या गाठीत तिच्यामुळे पंधरा किलो गवत बसते किंवा पंचवीस किलो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गाठी सारख्याच दिसतात. ठेकेदार जेव्हा ‘बांधणावळ गाठीमागे इतके रुपये’ असा दर लावतो, तेव्हा त्याचे हित सैल गाठीत असते, कारण तेवढ्याच गवताच्या जास्त गाठी होतात. तोच ठेकेदार जेव्हा शेतातले गवत ‘गाठीमागे इतके रुपये’ देऊन विकत घेतो, तेव्हा त्याचे हित घट्ट गाठीत असते. यंत्र तेच, माणूस तोच, फक्त घट्टता बदलली. सात हजार दोनशे गाठींमध्ये गाठीमागे पाच किलोंचा फरक पडला तर छत्तीस टन गवत मोबदल्यावाचून हातचे जाते. यात कोणी चोरी केली असे म्हणता येत नाही. यंत्रावरचा गाठी मोजणारा आकडा अगदी प्रामाणिक असतो. म्हणून गटाने यंत्राबरोबर दोनशे किलोंचा वजनकाटा घेतलाच पाहिजे, आणि दर शंभर गाठींतून पाच गाठी सर्वांसमक्ष तोलून सरासरी वहीत लिहिली पाहिजे. बांधणावळ असो, विक्री असो, भरणाऱ्याची मजुरी असो, सारे क्विंटलवर ठरवावे.

वजनालाही एक खोट आहे, ती ओलीची. पंचवीस टक्के ओल असलेल्या वीस किलोंच्या गाठीत कोरडा चारा पंधरा किलोच असतो. पंधरा टक्के ओलीच्या गाठीत तो सतरा किलो असतो. ओले गवत तोलून देण्याचा मोह विकणाऱ्यालाही होतो, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य करावे. पण असा मोह विकणाऱ्याला महागात पडतो. ओल वीस टक्क्यांच्या वर असताना बांधलेली गाठ आतून तापते, बुरसटते आणि गुरे तिला तोंड लावत नाहीत. गाठी रचल्यावर पहिले दोन-तीन आठवडे धोक्याचे. आतले तापमान पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत चढले तर गंज पेटू शकते, आणि घाबरून ती उपसली तर आत हवा शिरून आग अधिकच भडकते. अशा वेळी आधी पाण्याची आणि माणसांची तयारी करावी, मगच हात लावावा. पंधरा ते अठरा टक्के ओलीला बांधणे उत्तम. ओल मोजण्याचे उपकरण नसेल तर जुन्या माणसांची रीत वापरावी : मूठभर गवत पिळावे, काड्या तुटत असतील तर बांधावे, नुसत्या वाकत असतील तर दुपारपर्यंत थांबावे. यंत्र भाड्याने आणलेले असले की थांबणे जिवावर येते, कारण भाडे चालू असते. गटाचे स्वतःचे यंत्र असण्याचा हा फायदा हिशेबात दिसत नाही, पण तो आहे.

गोल गाठीवर पाऊस ओघळून जातो, म्हणून ती उघड्यावर ठेवली तरी चालते, असे विक्रेते सांगतात. त्याचा भूमितीने विचार करा. पाच फूट व्यासाच्या गाठीचा बाहेरचा फक्त सहा इंचांचा थर भिजून सडला तर गाठीचे छत्तीस टक्के गवत जाते, कारण घेर जसा वाढतो तसे गवत बाहेरच्या थरांतच जास्त असते. आपल्या दोन फुटी गाठीत तर तीन इंचांचा थर गेला की जवळजवळ चव्वेचाळीस टक्के गेले. कोकणच्या पावसात छप्पर हवेच. तेही जमिनीपासून वर, लाकडी ओंडक्यांवर.

बांधायला सुतळी घ्यावी की जाळी? जाळीचे दोन-तीन फेरे पुरतात आणि काम झटपट होते, परंतु ती प्लास्टिकची. तिचे तुकडे चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात गेले की तेथेच साठून राहतात. तागाची सुतळी वेळ खाते, पण स्वस्त असते आणि कुजून जाते. ताशी पाच-सात गाठी कमी झाल्या तरी चालतील.

चालवण्याबद्दल दोन गोष्टी. गवताची ओळ फिरकीच्या रुंदीइतकी असावी. ती अरुंद असेल तर काही क्षण डाव्या आणि काही क्षण उजव्या बाजूने असे ट्रॅक्टर नेऊन कोठी दोन्ही कडांना भरावी, नाहीतर गाठ एका अंगाला सैल राहते आणि उचलताना सुटते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. विळ्याने कापलेले डोंगरावरचे गवत ओळीत पडलेले नसते. ते डोक्यावरून खाली आणावे लागते. अशा वेळी यंत्र एका जागी उभे करून, चालू ठेवून, कवळ्या हाताने तोंडात घालण्याचा मोह अनिवार होतो. हे काम बहुधा स्त्रियांकडे जाते. ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. मिनिटाला पाचशे चाळीस फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. फिरकीने गवताची कवळी ओढली की हात सोडून देण्याइतका अवकाश माणसाला मिळत नाही. पदर, ओढणी, बांगडी, कशालाही ती धरते. म्हणून नियम एकच ठेवा : गवत आणून जमिनीवर ओळीत पसरायचे आणि मग त्यावरून यंत्र न्यायचे. चालू यंत्राला हाताने गवत भरवणाऱ्यास आणि भरवू देणाऱ्या चालकास त्या दिवशी कामावरून उठवावे. गवत तुंबले तर आधी पी.टी.ओ. बंद, मग इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि मगच हात. मागचे दार उघडून खाली शिरायचे असेल तर दाराचा खटका लावल्याशिवाय कोणी वाकू नये.

उतारावर गाठ कधीही उताराच्या दिशेने सोडू नये, आडवी सोडावी. आपल्या गाठी लहान आहेत हे खरे. पण २०१० साली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सुमारे सहाशे किलोंची गोल गाठ टेकडीवरून घरंगळत रस्त्यावरच्या मोटारीवर आदळली आणि तीत ‘इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा’ या वाद्यवृंदाचे माजी सेलोवादक माइक एडवर्ड्स जागीच ठार झाले. वस्तू गोल असली की तिला उतार पुरतो. पंचवीस किलोंची गाठही खाली बसलेल्या मुलाला पुरेशी आहे. अपघाताच्या भरपाईचा विमा पहिल्या दिवसापासून घ्यावा. ट्रॅक्टरने किंवा यांत्रिक शक्तीच्या साधनाने शेतीकाम करणारा मजूर १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीतही धरलेला होता. तेव्हा हा हक्क आपण नव्याने शोधून काढलेला नाही, आणि गट आपलाच आहे म्हणून तो टाळताही येत नाही.

शेवटी मालकीचा प्रश्न. फ्रान्समध्ये शेतीची यंत्रे सामाईक वापरण्यासाठी ‘क्यूमा’ नावाच्या सहकारी संस्था १९४५ पासून आहेत. त्यांची संख्या दहा हजारांच्या घरात आहे. त्यांच्या रीतीतली एक गोष्ट आपण जशीच्या तशी उचलावी. सभासद केवळ वर्गणी देत नाही, तो आपण इतक्या कामासाठी हे यंत्र वापरू असे आधी लिहून देतो आणि त्या प्रमाणात भांडवल भरतो. यंत्र त्यानंतर येते. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो : अनुदान जाहीर होते, यंत्र येते, आणि गट शेवटी कागदावर उमटतो. केंद्र सरकारने पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि दिल्ली यांसाठी पिकांच्या काडाच्या व्यवस्थापनाची योजना २०१८ साली आखली, तेव्हा एकट्या शेतकऱ्यास यंत्राच्या किमतीच्या पन्नास टक्के आणि सहकारी संस्था व गटांच्या भाडेकेंद्रास ऐंशी टक्के साहाय्य ठरले. धोरण म्हणून गटाला झुकते माप देणे योग्यच. पण या तीस टक्क्यांच्या फरकाची किंमत गावातल्या सधन माणसाला आपल्या आधी कळते. सात भावबंदांची नावे लिहून गट करणे त्याला कठीण नाही. आपण अनुदानासाठी गट करू लागलो तर त्याच्याच मार्गाने जाऊ.

आणि सभासद कोण? केवळ एकरांवर सभासदत्व दिले तर भारे बांधणाऱ्या, वाहणाऱ्या स्त्रिया बाहेर राहतील, आणि यंत्राने काम जाणार ते त्यांचेच. माझी सूचना अशी की, गेल्या हंगामात ज्यांनी वीस दिवस तरी गवताचे काम केले त्यांना भूमिहीन असले तरी पूर्ण मताचा सभासद करावे. त्यांचा भाग हप्त्याने, मजुरीतून नव्हे तर बचतीतून, कापून घ्यावा. आणि सुतळी घालणे, तोलणे, वही ठेवणे ही नवी कामे आधी त्यांना द्यावीत. ज्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत, तेथे गवत ग्रामसभेचे आहे. तेथे यंत्राची मालकीही ग्रामसभेच्या समितीकडे का असू नये, याचा विचार व्हावा. काही मित्रांना ही रचना अवजड वाटेल. ती अवजड आहेच. पण ठेकेदाराची हलकीफुलकी रचना कोणाच्या पाठीवर उभी राहते, ते आपण वजनकाट्याच्या हिशेबात पाहिले.

तेव्हा घ्यावा काय, या प्रश्नाला माझे उत्तर : या वर्षी घेऊ नका. येता हंगाम यंत्र दिवसाच्या भाड्याने आणा, गाठीच्या दराने नव्हे. रोज संध्याकाळी वहीत सहा गोष्टी लिहा. यंत्र किती तास चालले, किती तास बंद पडले, कशामुळे, गाठी किती, पाच गाठींचे सरासरी वजन किती, आणि त्या दिवशी कोणाकोणाला काम मिळाले नाही. वहीत दीडशे एकर भरले तर पुढच्या मार्चमध्ये दरपत्रके मागवा, तेव्हा विक्रेत्यांना गिऱ्हाईक नसते. सत्तर-ऐंशी एकरच भरले तर शेजारच्या गावाशी बोला, आणि तेही जमले नाही तर विळा व दोरी यांवर आणखी एक वर्ष काढा. वही मात्र गटाच्या घरी ठेवू द्या, भाड्याने यंत्र देणाऱ्याच्या नको.